रुग्णवाहिकेतील तिसरा माणूस

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत वक्त्याने संतवाङ्मय, नाट्यसंगीत किंवा शिवचरित्र यांपैकी एखादा विषय घ्यावा, अशी आपल्याकडील रीत आहे. माझा जन्म रुग्णांना भूल देण्यात गेला. तेव्हा, ‘डॉक्टर, श्रोत्यांवर प्रयोग करू नका,’ असे आपल्या चिटणिसांनी निमंत्रण देतानाच मला बजावले. मी तसे अभिवचन दिले आहे. विषय मात्र मी रुग्णालयाच्या आवारातलाच निवडला, कारण हैदराबादेसारख्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहूनही ज्यांचे आईवडील, भाऊबंद, शेतवाडी सीमेपलीकडे आहे, अशा आपल्यासारख्या कुटुंबांच्या तो फार जवळचा आहे. आजारी माणसाला घेऊन राज्याची सीमा ओलांडणाऱ्या सेवकास परवाना कोणी द्यावा आणि त्याच्या कामाची जबाबदारी कोणी घ्यावी, हा तो विषय.

हैदराबाद-सोलापूर रस्ता आपणांपैकी बहुतेकांच्या पायाखालचा आहे. संगारेड्डी, जहिराबाद, मग हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग आणि सोलापूर. सुमारे ३०० किलोमीटरांच्या या वाटेवर तीन राज्ये लागतात. तेलंगणातून निघायचे, मध्ये कर्नाटकाचा बिदर जिल्हा ओलांडायचा, आणि उमरग्याच्या अलीकडे महाराष्ट्रात शिरायचे. आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळी, म्हणजे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी, नळदुर्ग मागे पडेपर्यंत सगळे हैदराबाद राज्यच होते. गावे होती तिथेच राहिली, रस्ताही तोच राहिला. सीमा तेवढ्या जागा बदलून बसल्या. असो.

२०१९ च्या पावसाळ्यात याच रस्त्याने मी एका रुग्णवाहिकेतून सोलापूरला गेलो. आमचे शेजारी अण्णा, वय ७८, हृदय थकत चाललेले. येथील डॉक्टरांनी सांगायचे ते सांगून झाले होते, आणि अण्णांनी एकच धरून ठेवले होते, ‘मला सोलापूरला नेऊन सोडा.’ तिकडे मुलगा होता, जुने घर होते. मुलाने खासगी रुग्णवाहिका ठरविली. मी वैद्य म्हणून नव्हे, तीस वर्षांचा शेजार म्हणून सोबत निघालो. गाडीत वाहनचालक, अण्णा, वहिनी, मी, आणि करीमनगरकडचा एक तंत्रज्ञ. चोविशी-पंचविशीचा, कमी बोलणारा मुलगा.

उमरगा मागे पडले आणि अण्णांना धाप लागली. छातीत पाणी भरू लागले की जशी लागते तशी. मी पुढच्या बाकावरून उठून मागे पोचेपर्यंत त्या मुलाने डोक्याकडची बाजू उंच केली होती, मुखवटा बसवून प्राणवायू वाढविला होता, बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा पाहिला होता, आणि पाणी उतरविणाऱ्या इंजेक्शनची कुपी हातात घेऊन तो थांबला होता. ती फोडावी की नाही, एवढाच प्रश्न उरला होता. माझ्याकडे पाहून तो म्हणाला, ‘साब, हैदराबाद में होते तो फोन पे डॉक्टर से पूछ लेते. यहाँ किस से पूछना?’

मी होतो, म्हणून प्रश्न सुटला. अण्णा सोलापूरला पोचले आणि पुढे पाच आठवडे आपल्या घरात, आपल्या खाटेवर होते. परंतु मी नसतो तर? बहुतेक गाड्यांत माझ्यासारखा कोणी नसतोच. परतीच्या वाटेवर तो मुलगा झोपला आणि मी मात्र जागाच राहिलो.

त्या गाडीत काम करणारी माणसे आम्ही तीन. चालकाचा परवाना तेलंगणाचा होता. परंतु १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या तेराव्या कलमानुसार एका राज्यात मिळालेला परवाना साऱ्या देशात चालतो. हुमनाबादेस किंवा उमरग्यास त्याला कोणी अडविणार नव्हते. माझे नाव त्या वेळी भारतीय वैद्यक नोंदपुस्तकात होते, आणि तेव्हा लागू असलेल्या १९५६ च्या कायद्याचे सत्ताविसावे कलम अशा माणसास देशाच्या कोणत्याही भागात व्यवसाय करण्याचा हक्क देत होते. काही राज्यांच्या परिषदा आमच्याकडे पुन्हा नोंद करा म्हणून आग्रह धरीत, हा भाग वेगळा. फार काय, ज्या गाडीत आम्ही बसलो होतो तिच्या प्रकारासाठीसुद्धा देशभर एकच मानक २०१८ पासून लागू झाले होते. रुग्णवाहिकेचे चार प्रकार, त्यांत खाट केवढी, दिवे कोणते, साधने कोणती, सारे ठरलेले. गाडी ठरली, चालक ठरला, डॉक्टर ठरला. आणि ज्याच्या हातात प्रत्यक्ष रुग्ण होता, त्या तिसऱ्या माणसासाठी साऱ्या देशात चालेल असा एकही कायदा तेव्हा नव्हता. काही राज्यांनी निमवैद्यकीय सेवकांची मंडळे काढली होती. पण त्यांची नोंद त्या त्या राज्यापुरती. त्या मुलाच्या खिशात प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र होते. प्रमाणपत्र सांगते की हा शिकला आहे. याला हे करण्याची मुभा आहे, आणि चुकले तर अमुक दारी दाद मागता येईल, हे सांगतो तो परवाना. ही दोन कागदे आपल्याकडे नेहमी एकच समजली जातात.

नोंदणीची ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९१२ साली मुंबई इलाख्यात वैद्यक व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा झाला. बंगाल आणि मद्रास दोन वर्षांनी आले. म्हणजे या बाबतीत देशात पहिले पाऊल मुंबईने टाकले. परंतु नोंद प्रांताची, हे बीजही तेव्हाच पडले. पुढे राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये राज्यांच्या सूचीत गेली, वैद्यकादी व्यवसाय मात्र समवर्ती सूचीत राहिले. रुग्णवाहिका रुग्णालयाची म्हणायची की व्यवसायाची? ती दोन्हींच्या मधल्या बोळात उभी राहिली.

ज्या देशात हा प्रश्न सर्वांत आधी टोकाला गेला आणि ज्याने त्यावर निश्चित असा तोडगा काढला, तो अमेरिका. या सभागृहातील कित्येकांची मुले-नातवंडे तिकडे आहेत, म्हणून त्याची हकीकत जरा सविस्तर सांगतो.

१९६६ साली तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात असे नमूद आहे की देशातील निम्मी रुग्णवाहिका सेवा सुमारे १२,००० अंत्यविधी व्यावसायिक चालवीत होते. कारण अगदी साधे: माणसाला आडवे निजवून नेता येईल अशी मोटार गावात त्यांच्याकडेच असे. तीच गाडी सकाळी शववाहिका आणि रात्री रुग्णवाहिका. मागे रुग्णाजवळ कोणी बसत असेल, तर त्याला फारसे काही येत नसे. त्या अहवालाने देश हादरला.

पुढल्याच वर्षी पिट्सबर्ग शहरात पीटर साफार या डॉक्टरांच्या पुढाकाराने एक प्रयोग सुरू झाला. साफार हे मूळचे व्हिएन्नाचे आणि आमच्याच जातीचे, म्हणजे भूलतज्ज्ञ. तोंडाने श्वास देऊन आणि छाती दाबून माणसाला परत आणण्याची जी पद्धत आज शाळेतली मुले शिकतात, तिच्या जनकांपैकी ते एक. त्यांनी हिल डिस्ट्रिक्ट या गरीब वस्तीतील कृष्णवर्णीय तरुण निवडले. त्यांतले बरेच बेकार होते, काहींची शाळाही पुरी झालेली नव्हती. शेकडो तासांचे शिक्षण देऊन त्यांना रुग्णवाहिकेवर नेमले. फ्रीडम हाऊस हे त्या सेवेचे नाव. नॅन्सी कॅरोलिन या तरुण डॉक्टर पुढे त्यांच्या मार्गदर्शक झाल्या, आणि पॅरामेडिकांसाठी त्यांनी लिहिलेले पाठ्यपुस्तक देशभर चालले. इतके होऊन १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा काढली, फ्रीडम हाऊस बंद झाले, आणि ज्यांनी हे काम जगाला करून दाखविले त्यांतल्या बहुतेकांना नव्या सेवेत टिकू दिले नाही. हा अवांतर भाग झाला खरा. पण परवान्याचा विचार करताना मला तो विसरता येत नाही. कौशल्य हातात असून कागद दुसऱ्याच्या हातात असला की काय होते, ते यात दिसते.

त्यानंतर अमेरिकेतील प्रत्येक राज्याने आपापले कायदे केले. व्यवसायाचा परवाना देणे हा तेथे राज्यांचा अधिकार. वैद्यक व्यवसायापुरता तो तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८८९ सालीच मान्य केला होता. १९७० मध्ये एक राष्ट्रीय परीक्षामंडळ निघाले आणि पुढे अनेक राज्यांनी त्याची परीक्षा स्वीकारली. पण परीक्षा एक झाली, तरी परवाना ज्याचा त्याचाच राहिला. कॅन्सस सिटी हे एक शहर आहे, नव्हे, एकाच नावाची दोन शहरे एकमेकांस लागून आहेत. मधून दोन राज्यांची सीमा जाते. अशा ठिकाणी रस्ता ओलांडला की सेवकाचा परवाना संपायचा.

मोठ्या संकटांसाठी त्यांनी लवकर सोय केली. एका राज्याच्या गव्हर्नरने आपत्ती घोषित केली की दुसऱ्या राज्याने माणसे पाठवावीत, आणि त्यांचे परवाने तेथे मान्य व्हावेत, असा राज्याराज्यांचा करार तेथील संसदेने १९९६ मध्ये संमत केला. ही मोठीच गोष्ट. परंतु आपत्ती घोषित व्हावी लागते. रात्री दोन वाजता हमरस्त्यावर मोटार उलटते, तेव्हा कोणी गव्हर्नर उठून घोषणा करीत नाही. वादळाची सोय झाली होती, रोजच्या अपघाताची झाली नव्हती.

ती उणीव भरून काढण्यासाठी राज्यांच्या आपत्कालीन सेवा अधिकाऱ्यांच्या संघटनेने एका आंतरराज्य कराराचा मसुदा तयार केला. खर्चास संघ सरकारच्या गृहसुरक्षा खात्याने हातभार लावला. या कराराची युक्ती अशी, की प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाने तोच मसुदा कायदा म्हणून संमत करायचा, कोणी एकट्याने त्याचे मर्म बदलायचे नाही, आणि दहा राज्ये झाली की तो अमलात यायचा. कोलोरॅडोने २०१५ मध्ये आरंभ केला, २०१७ च्या मे महिन्यात जॉर्जिया हे दहावे राज्य आले, आणि मार्च २०२० मध्ये करार प्रत्यक्ष कामास लागला. आज वीसहून अधिक राज्ये त्यात आहेत.

त्यातली व्यवस्था वकील मंडळींनी लक्ष देऊन ऐकण्यासारखी आहे. सेवकाला परवाना एकच, त्याच्या मूळ राज्याचा. करारातील इतर राज्यांत त्याला दुसरा परवाना मिळत नाही. तेथे व्यवसायाची मुभा मिळते. त्यासाठी तो अठरा वर्षांचा असावा, त्याचा परवाना निष्कलंक असावा, आणि तो एखाद्या वैद्यकीय संचालकाच्या देखरेखीखाली काम करीत असावा. राज्यानेही आपल्या बाजूने काही पाळायचे: परवान्यासाठी राष्ट्रीय परीक्षा धरायची, बोटांचे ठसे घेऊन पूर्वचरित्र तपासायचे, तक्रारींच्या चौकशीची सोय ठेवायची. मग रुग्णाला आपल्या राज्यातून परराज्यात नेणे, परराज्यातून आपल्याकडे आणणे, किंवा तिकडे जाऊन तिकडेच सेवा देणे, सारे नियमात बसते. काय करावे आणि काय करू नये याची कक्षा मूळ राज्याने घालून दिलेली. मात्र परराज्यातील योग्य अधिकाऱ्याने ती बदलली, तर ती मानायची. ही सवलत कामानिमित्त जा-ये करणाऱ्यांसाठी आहे. बिऱ्हाडच हलविले तर नव्या राज्याचा परवाना घ्यावाच लागतो.

मला त्यात सर्वांत मोलाचा वाटला तो शिस्तीचा भाग. परवाना काढून घेणे मूळ राज्याच्या हाती; पण परराज्याला आपल्या हद्दीतली मुभा थांबविता येते, आणि साऱ्या राज्यांची माहिती एका सामाईक नोंदपुस्तकात जाते. मूळ परवान्यावर बंधन आले की मुभा सर्वत्र थांबते. म्हणजे एका गावात नाव खराब झालेला माणूस शेजारच्या राज्यात जाऊन कोरी पाटी घेऊन उभा राहू शकत नाही. आपण परवान्याकडे नेहमी सेवकाच्या सोयीचा कागद म्हणून पाहतो. तो त्या अंथरुणावरच्या माणसाचाही आहे.

आणि आता स्वदेशी. ज्या मार्च २०२० मध्ये तिकडे हा करार कामास लागला, त्याच महिन्यात आपल्याकडे करोनाच्या भीतीने कर्नाटकाने केरळकडील सीमा बंद केली. कासरगोड जिल्ह्याच्या लोकांना गंभीर आजारात मंगळूरचाच आधार. तलपाडीच्या नाक्यावर रुग्णवाहिका अडल्या, आणि वेळेवर उपचार न मिळाल्याने काही रुग्ण दगावल्याची वृत्ते आपण सर्वांनी वाचली. १ एप्रिलला केरळ उच्च न्यायालयाने रस्ता मोकळा करण्याबाबत केंद्र सरकारला आदेश दिला; प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि आठवड्याभरात दोन्ही राज्यांनी रुग्णांच्या ने-आणीची पद्धत ठरविल्याचे तेथे सांगण्यात आले. हा प्रश्न परवान्याचा नव्हता, रस्त्याचा होता, हे मला ठाऊक आहे. पण सवडीच्या काळात शेजाऱ्यांनी बसून जे ठरवायचे, ते आपण रुग्ण नाक्यावर तिष्ठत असताना न्यायालयात ठरवितो, हे त्यातून दिसले.

याचा अर्थ आपल्याकडे काहीच झाले नाही असा नव्हे. १०८ क्रमांकाची सेवा याच आपल्या हैदराबादेत १५ ऑगस्ट २००५ रोजी सुरू झाली आणि मग राज्याराज्यांत पसरली, याचा आपणांस अभिमान असावा. मात्र ती प्रत्येक राज्याने आपापल्या परीने उभारली. येथे गाडीत तंत्रज्ञ आणि फोनच्या पलीकडे डॉक्टर, अशी रचना; महाराष्ट्राने २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सेवा सुरू केली ती गाडीतच डॉक्टर बसवून. दोन्हींच्या बाजूने बोलता येईल. सीमेवरच्या रुग्णाने मात्र कोणती रचना गृहीत धरायची, हे त्याला कोणी सांगत नाही.

२०२१ मध्ये संसदेने सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ, म्हणजे आमचा तिसरा माणूस, त्याच्या परिशिष्टात पहिल्यांदा नावानिशी आला. राज्यांनी परिषदा नेमाव्यात, राज्यांची नोंदपुस्तके व्हावीत आणि त्यांवरून केंद्राचे एक नोंदपुस्तक व्हावे, अशी त्यातली योजना. कायदा चांगला आहे. अंमलबजावणी इतकी रेंगाळली, की २०२४ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यासाठी दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली.

नोंदपुस्तक झाले म्हणजे काम झाले, असे मात्र मी मानीत नाही. त्या मुलाने मला, ‘माझे नाव कुठे आहे?’ असे विचारले नव्हते; ‘कोणाला विचारायचे?’ असे विचारले होते. नोंदीत नाव असलेल्या सेवकाच्या पाठीशी, गाडी कोणत्याही राज्यात असो, उत्तर देणारा एक डॉक्टर हवा, आणि त्याचा शब्द सीमेपलीकडेही चालला पाहिजे. अमेरिकनांनी वैद्यकीय संचालकाची अट घातली ती याचसाठी. आपल्या नियमांत ती स्पष्ट शब्दांत यावी, असा माझा आग्रह आहे.

तो मुलगा पुढे लग्न होऊन पुण्यास गेला. तेथील एका रुग्णालयात त्याची सहा वर्षांची नोकरी कोणी मोजली नाही. वॉर्डबॉय म्हणून लागला. मला फोनवर म्हणाला, ‘साब, काम वही करता हूँ, नाम बदल गया.’ पगारही बदलला होता, ते त्याने सांगितले नाही. मीच विचारून घेतले.

मंडळाच्या सभासदांसाठी एवढेच सांगतो. आपणांपैकी पुष्कळांवर घरच्या वडीलधाऱ्या माणसाला सोलापूर, नांदेड, लातूर किंवा पुण्यास नेण्याची वेळ येते. गाडी ठरविताना भाड्याची घासाघीस करा, पण त्याआधी विचारा की मागे कोण बसणार, तो काय शिकला आहे, आणि सगळ्या प्रवासात फोन उचलणारा डॉक्टर कोण. त्या डॉक्टरचा क्रमांक चालकाकडे नव्हे, आपल्या खिशात ठेवा. रुग्णालयाचा कागद मूळ प्रतीसह घ्या, आणि पोचायच्या रुग्णालयाला निघण्यापूर्वी कळवा. प्राणवायूचा हिशोब स्वतः करा: मिनिटाला ५ लिटर लागत असेल, तर सहा तासांना १,८०० लिटर होतात, आणि गाडीत नेहमी दिसणाऱ्या ‘बी’ प्रकारच्या लहान सिलिंडरात सुमारे १,५०० लिटरच मावतात. म्हणजे एकावर सोलापूर गाठत नाही; दोन तरी हवेत, आणि दुसरे भरलेले आहे की नाही हे निघण्यापूर्वी काटा पाहून खात्री करून घ्या.

आपण कोणी झोपला नाहीत, याबद्दल चिटणिसांच्या वतीने आणि माझ्याही वतीने आभार मानतो.